आबांचे निरोप

माझी आई म्हाळसा हिला चालायची खोड होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. न्हावऱ्याच्या अलीकडे आमची धनगरांची वस्ती. लग्न होऊन तिथं आली त्या वर्षापासून ती मेंढरांमागं चालली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, मिरगाच्या आत माघारी. मी जन्मले तीही वाटेतच, कुणाच्या तरी शेताच्या बांधावर, आणि तिसऱ्या दिवशी मला पाठीला बांधून बाई पुन्हा वाटेला लागली. शिरूरच्या बाजाराला जायला कुणी गाडी थांबवली तर तिला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

अशा बाईला मी तीन वर्षं तारेच्या कुंपणात ठेवलं. 'ठेवलं' हा शब्द मी फार दिवस टाळला. कुणी विचारलं तर सांगायचे, आई आमच्याकडे असते.

आमच्याकडे म्हणजे आफ्रिकेत, मलावीत. मी नर्स, नवरा सुरज डॉक्टर. सुरज दौंडचा, आजोबा रेल्वेत, घर चर्चच्या भिंतीला लागून. जिथं दुसरा डॉक्टर नाही तिथं जाऊन मिशनच्या दवाखान्यात काम करायचं, हे त्यानं शाळेतच ठरवलं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा सुरज सोडून काहीच नव्हतं. धनगराची पोर किरिस्तावाच्या घरात गेली म्हणून वस्तीवर मोप बोभाटा झाला. आबा, म्हणजे माझे वडील तात्याबा, एवढंच म्हणाले, "डागतर हाय नव्हं? मग रोग्याची जात इचारत नसंल. पोरीची कशाला इचारंल?" आणि मेंढरं घेऊन गेले. विषय संपला.

सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं आणि विमानप्रवास बंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि मला माहेरी जाता येईना. मग माहेरच पेटीत भरून आलं. डिंक, हळीव, बाळंतशेपा, एक घोंगडी आणि वर आई. सहा महिन्यांसाठी आली होती. शिमग्याला माघारी येते, असं वस्तीवर सांगून आली होती.

मुलगी झाली, प्रगती. सहा महिन्यांनी मी ड्युटीवर गेले आणि पोरीला कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. म्हटलं, आई, दात येईपर्यंत राहा. दात आले. मग म्हटलं, चालायला लागेपर्यंत. मग दुसरी नर्स सोडून गेली. मग मुक्कामाचा परवाना वाढवायला आईचा पासपोर्ट दवाखान्याच्या ऑफिसात गेला तो सुरजच्या कपाटात येऊन पडला. आई दर रविवारी विचारायची, "कवा जायचं?" मी दर रविवारी नवं कारण द्यायचे. कारणं खरी होती, हेच वाईट होतं. खोटी असती तर कधी तरी उघडी पडली असती.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, वर पत्रा. सकाळी सहाला प्रार्थनेची घंटा व्हायची. आई जायची. तिथं ढोलकं वाजायचं, ते तिला जागरणासारखं वाटायचं. "येशूचं माझं काय वाकडं न्हाई," म्हणायची, "पर बसून बसून गुडघं धरत्यात." कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून ती पहिल्या बाकावर बसायची आणि पाद्रीबाबा आधी तिला नमस्कार करायचे. मक्याच्या पिठाची भाकरी मोडली की ती मक्याला शिव्या द्यायची, आणि मग तीच भाकरी सुरजला वाढून "मऊ झालीया, खा" म्हणायची. मी वॉर्डातून आले की दारातच अडवायची. आधी आंघोळ, मग पोर. आमच्या दवाखान्यातल्या पाट्यांनी जेवढं इन्फेक्शन अडवलं नसेल तेवढं आईच्या त्या एका धाकानं अडवलं.

पण दुपारी ती कुंपणाजवळ उभी राहायची. पलीकडे एक बाई शेळ्या चारायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. एकदा एक शेळी व्यायला अडली. आई गेटातून बाहेर पडली, पिल्लू सोडवलं आणि शेळ्यांबरोबर निघूनच गेली. प्रगती शेजारच्या बाईकडे. चार तास सगळा दवाखाना म्हातारीला शोधत होता, सुरज ऑपरेशन थांबवून जीप घेऊन फिरत होता. ती सापडली तेव्हा हातभर काठी घेऊन रमतगमत येत होती. इतकी खूश मी तिला तिथं कधीच पाहिली नव्हती.

मी चारचौघांत तिच्यावर ओरडले. आणि गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलं, म्हातारीला एकटी सोडायचं नाही. त्यानं इमानानं पाळलं. आई गेटापर्यंत जायची, तो हसून मान हलवायचा, ती माघारी यायची. पुढं पुढं गेटापर्यंतही जाईना.

दर रविवारी दुपारी घरी फोन लागायचा. माझा भाऊ पप्पू सणसवाडीला कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. आई इकडे आल्यापासून आबा कोकणात उतरत नव्हते, बारा महिने वस्तीवरच असायचे. रविवारी पप्पू तिथं जायचा आणि व्हिडिओ लावायचा. आता आमच्याकडं नवराबायको पोराबाळांसमोर एकमेकांशी बोलत नाहीत. तेवढी लाज असते. आबा फोनसमोर यायचेच नाहीत. लांब बाजेवर पाठमोरे बसायचे आणि पप्पूला सांगायचे, "म्हणावं, काळी मेंढी व्याली." पप्पू म्हणायचा, "आबा म्हणत्यात, काळी मेंढी व्याली." आई मला म्हणायची, "इचार, दूध हाय का तिला." तीन वर्षं त्यांचा संसार असा चालला. मी आणि पप्पू मध्ये टपालवाले. मला हसू यायचं. सुरजला वाटायचं, दोघांचं भांडण आहे.

यंदा जानेवारीत कॉलरा आला. व्हरांड्यात, झाडाखाली, जिथं सावली तिथं रोगी. त्या गर्दीत एका मंगळवारी सकाळी पप्पूचा फोन आला. आबा मेंढरांत असतानाच खाली बसले आणि गेले. पप्पू रडत म्हणाला, "आईला कसं सांगू?"

मी म्हटलं, सांगू नको.

सुरज म्हणाला, सांगू या. मी त्याला म्हटलं, सांगितलं तर तिला आजच घेऊन निघावं लागेल. दोनशे रोगी तू एकटा बघणार? आणि प्रगतीला कोण? माती तर ती पोचायच्या आत होणारच आहे. सुरज वॉर्डात परत गेला. त्याच्या धर्मात खोटं बोलणं पाप आहे, पण रोगी तर समोर पडले होते. पाप मी माझ्याकडे घेतलं. तेव्हा त्याचं ओझं वाटलं नाही, हातच रिकामा नव्हता.

पहिला रविवार आला. पप्पूनं व्हिडिओ लावला नाही, म्हणाला, रेंज नाही. "आबा म्हणत्यात, मेंढरांच्या वाडग्याचं कुंपण नीट केलं." दुसऱ्या रविवारी, "आबा म्हणत्यात, दोन कोकरं झाली." माझा भाऊ मेलेल्या बापाचे निरोप बनवत होता आणि मी ते शेजारी बसून ऐकत होते. सोपं होतं ते, आबांनी कधी तोंडानं बोलायची सवयच ठेवली नव्हती. आई आपली खुशीत विचारायची, "कोकरं माद्या का नर?" आणि रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून ती कुंकू लावायची. मी त्या वेळी खोलीत थांबत नव्हते.

तिसऱ्या रविवारी पप्पूचा धीर सुटला असावा. किंवा त्याला वाटलं असेल, बापाच्या नावानं आईला एक तरी गोड शब्द द्यावा. तो म्हणाला, "आबा म्हणत्यात, जिवाला जप. तुझी लई आठवण येती."

आईनं मांडीवरची प्रगती खाली ठेवली. फोन माझ्या हातात दिला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कवा गेलं?"

मी म्हटलं, "आई, काय बोलतेस?"

"चाळीस वरसांत असं बोललं न्हाईत. जितं असतं तर बोललंबी नसतं. कवा गेलं?"

"वीस दिवस झाले."

तिनं पदरानं कपाळ पुसलं. एकदा, दोनदा, कातडं लाल होईपर्यंत. "आन् मी रोज लावती," म्हणाली. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "रोगी वाचलं का?"

"बरेचसे वाचले."

"मग चांगलं झालं." आणि पोरीला भरवायला उठली. ही माफी नव्हती. मला आईचा आवाज कळतो.

साथ ओसरल्यावर आम्ही तिघी आलो. सुरजला येता आलं नाही. विमानतळावरून पप्पूच्या गाडीनं थेट वस्तीवर. घराला कुलूप होतं, वाडग्यात नुसत्या वाळलेल्या लेंड्या. पप्पूनं मेंढरं विकून टाकली होती. त्याचंही बरोबर होतं, कंपनीतून सुट्टी काढून मेंढरं कोण वळणार? घरातली दळण-भांडी त्यानं सणसवाडीला नेली होती. आई वाडग्यात गेली आणि मोकळ्या जागेत उभी राहिली. बोलवायला मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

पाच आठवडे आम्ही सणसवाडीला काढले. दहा बाय बाराची खोली, पप्पू, त्याची बायको रुपाली, दोन पोरं, आणि आम्ही तिघी. रुपाली भली आहे. आईला "आत्या, तुमी हितंच राव्हा," म्हणाली, आणि रात्री स्वतः ओट्याखाली डोकं घालून झोपली. आई रोज सकाळी रस्त्यापर्यंत चालत जायची. ट्रक आणि कंपनीच्या बसेसच्या कडेनं थोडी चालायची आणि परत यायची.

माझी रजा संपली. मी आईला चल म्हणाले नाही, तेवढी लाज मलाही आहे. निघायच्या दिवशी बघते तर तिची पिशवी भरून दारात. पप्पू म्हणाला, "आई, तू कुठं?" ती म्हणाली, "हितं पाय पसराया जागा न्हाई. आन् वस्तीवर कुनाच्या मागं चालू? तिकडं पोरगी तरी हाय."

ती गाडीत बसली आणि मला हायसं वाटलं. प्रगतीचा प्रश्न सुटला, ड्युटी सुटणार नाही, हेच पहिलं मनात आलं. बापाला जाऊन तीन महिने झाले नव्हते. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, तिला ते दिसलं, आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

आल्याबरोबर मी तिचा पासपोर्ट तिच्या पिशवीत ठेवला आणि तिला दाखवला. वॉचमनला सांगितलं, म्हातारी कुठंही जाऊ दे. त्यालाही आता चार महिने झाले. ती कुठं जात नाही. रविवारी पप्पूचा फोन येतो, ती पोरांची खुशाली विचारते आणि फोन मला देते. कवा जायचं, हे विचारत नाही. मी रविवारी दुपारची ड्युटी मुद्दाम घेत नाही, तिच्याजवळ बसून राहते. तिनं एकदा विचारावं म्हणून. या वेळी माझ्याकडं एकही कारण नाही.