तीन पाण्यांचा लाल

मारेगावात रंगारी रहमतचाचांचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे. चाळीस वर्षं रंगाच्या हंड्यात बुडून त्यांचे हात कोपरापर्यंत लालसर झाले होते. लग्नाच्या पंगतीत नवखा पाहुणा त्यांच्या शेजारी बसायला बिचकायचा. पण गावचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की चाचा छाती काढून उभे राहत. सगळे सदरे त्यांच्या हातचे होते ना!

संघ कापसाच्या जिनिंग गिरणीच्या जुन्या शेठजींनी कामगारांसाठी काढलेला, म्हणून नाव 'जिन संघ'. दर हंगामाआधी सुती सदरे चाचांकडे रंगायला यायचे. हंड्यात आधी कप्तानाचा गेल्या सालचा सदरा उकळायचा, त्याचा रंग पाण्यात उतरला की मग नवे सोडायचे, अशी रीत होती. नंतर तीन पाण्यांतून काढायचे. तो लाल कुणाच्या अंगाला कधी लागला नाही.

मग कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं, आणि २००५च्या दिवाळीनंतर जागा, यंत्रं आणि संघ, सगळं एकगठ्ठा यवतमाळच्या सदाशिवरावांनी घेतलं. माणूस गोड बोलायचा आणि त्या गोडीचीच भीती वाटायची. त्यांनी संघाला आपल्या पाइप कंपनीचं नाव दिलं, ते नाव छापलेल्या पिवळ्या शर्टांचा गठ्ठा चाचांकडे पाठवला आणि सोबत निरोप दिला: इस्त्री करून ठेवा, ज्याला रंग पटत नसेल त्याने येऊ नये.

कप्तान धम्मरत्न त्याच दिवशी आला. त्याचा आजाही याच लालात खेळलेला. "चाचा, लाल नसंल तर मी उतरतच नाही," तो म्हणाला.

चाचांच्या मनात आलं, हा गेला की बाकीचे जातील, आणि मग उरेल ते पाइपवाल्याचं काहीतरी. "तू गप राय. मी पाहतो," ते म्हणाले.

दार लावून त्यांनी भर दुपारी चूल पेटवली. शमसुन्निसाचाची दाराशीच उभी. "दुसऱ्याच्या मालाले हात काहून लावून राह्यले? मैदानातून हाकलतीन तुमाले!"

चाचांनी ऐकलं नाही. आधी धम्मरत्नाचा जुना सदरा उकळला, मग पिवळे शर्ट सोडले. कापड बोटांतून निसटत होतं. नवं आहे, खळ असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्या हातांनी जन्मभर सूतच ओळखलं होतं. शर्ट लाल झाले, पण पहिल्याच पाण्यात रंग भळाभळा सुटला. दुसऱ्या पाण्यात घालायची चाचांची हिंमत झाली नाही. तसेच वाळत टाकले.

रविवारी यवतमाळच्या मैदानात संघ लाल होऊन उतरला. मारेगावकरांनी एकच गलका केला. मांडवात सदाशिवराव खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. चाचांचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात खेळाडूंना घाम फुटला. आधी मानेवर, मग दंडांवर लाल ओघळ आले. काखेत पिवळं दिसलं, छातीवर पिवळं दिसलं, आणि मध्यंतरापर्यंत कंपनीचं नाव लख्ख वाचता येऊ लागलं.

सदाशिवराव उठून आले. त्यांनी एका शर्टावर अंगठा घासला आणि तो रुमालाला पुसला. "पॉलिस्टर आहे, चाचा. तुमचा रंग याला धरत नाही. धुऊन द्या." एवढं बोलून ते चहाला गेले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चाचांना वाटलं.

सोमवारी चाचांनी शर्ट तीन पाण्यांतून काढले. तिसरं पाणी स्वच्छ आलं. शर्ट नव्यासारखे पिवळे.

संध्याकाळी धम्मरत्न ते न्यायला आला. चाचांनी त्याचा जुना सदरा घडी घालून ठेवला होता. आता हंडा काही चढणार नाही, निदान हा सदरा तरी याच्या घरी राहील. तो हातात घेऊन ते वळले, तर धम्मरत्न पिवळा शर्ट अंगात चढवून खांदे फिरवून पाहत होता. मानेवर लाल डाग अजून होता.

"लय हलका हाये, चाचा," तो खुशीत म्हणाला. "अन् सुकतेही लवकर."

सदाशिवराव समोर उभे होते तेव्हाही चाचांना इतकं लागलं नव्हतं. त्यांनी जुना सदरा हळूच पाठीमागे लपवला.