कार्तिकातली लावणी

मालदीवच्या एका लहान बेटावर मी दोन वर्षं शास्त्र शिकवत होतो. नोकरी तात्पुरती, कराराची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मुरबाडच्या शाळेत मला कायम करायचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि पेपरातली जाहिरात बघून टाकलेला अर्ज मंजूर झाला. टोकावड्याच्या पुढच्या आमच्या गावातून विमानात बसणारा मी पहिलाच. निघताना निम्मं गाव एसटीपर्यंत सोडायला आलं. आईला तेवढं चालवत नव्हतं. तिच्या पायांवर सूज होती, डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणत होते. दारातूनच ती म्हणाली, "दोन वर्सांनी ये म्हंजे ये."

करार दिवाळीला संपत होता आणि मी येणारच होतो. पण मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की तुम्ही आता गेलात तर परीक्षेची पोरं बुडतील, एक महिना थांबा, तुमच्यासारखा मास्तर या बेटाला मिळाला नाही. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं हे ऐकायला मला फार आवडतं. मुरबाडात ते कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

बेटावर सुट्टी शुक्रवारची. एक शुक्रवार सोडून मी टोकावड्याच्या एसटीडी बूथवर फोन करायचो आणि मोठा भाऊ, आमचा दादा, सायकलवरून तिथे येऊन थांबलेला असायचा. महिनाभर थांबायचं ठरल्यावर मी आईशी बोलायचा हट्ट धरला, तेव्हा त्यानं तिला रिक्षात घालून आणलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्याची पोरा हायेत. अर्ध्यात टाकून येऊ नको." आमचं शेवटचं बोलणं ते.

पुढच्या फोनला मी आई कशी आहे विचारलं. दादा म्हणाला, "आई लावणीला गेली रे." मी बरं म्हणालो आणि विमानाची वेळ सांगत बसलो.

त्या दिवशी आईला जाऊन चार दिवस झाले होते.

आणि महिना होता कार्तिकाचा. भात कापून खळ्यावर आलेलं असतं, झोडणी चालू असते, आणि लावणी तर आषाढात, चार महिन्यांपूर्वीच उरकलेली. आमच्याकडचं पाच वर्षांचं पोरसुद्धा फोनवर विचारेल, आता कसली लावणी? मी विचारलं नाही. सुजल्या पायांनी ती शेतात कशी उतरली, तेही नाही. त्या बेटावर शेत नव्हतं, तांदूळ बोटीतून गोणीनं यायचा, बारा महिने उकाडा एकसारखा. दोन वर्षांत माझ्या डोक्यातले महिने पुसले गेले होते. हे कारण झालं, सबब नव्हे. शेतकऱ्याचं पोर ते ऐकून चुकायला नको होतं.

पुढचे जेमतेम दोन आठवडे मी मजेत आवरत होतो. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या परीक्षानळ्या मोजून यादी केली. किल्ल्या, हजेरीपट, फुटलेल्या भिंगाचा कबुलीजबाब, सगळं मुख्याध्यापकांच्या हवाली केलं. कुकर आणि गादी केरळच्या मास्तरांना दिली. शेवटच्या तासाला पोरींनी विचारलं, तुमच्या घरी आता काय चाललं असेल? मी फळ्यावर बांध काढला, पाणी काढलं, त्यात वाकलेली बाई काढली. म्हटलं, ही माझी आई, सध्या भात लावतेय. भात पाण्यात वाढतं हे त्यांना खरंच वाटेना. मी हौसेनं मुठीत रोप कसं धरायचं ते करून दाखवलं. अजून ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मुंबईला उतरून कल्याणहून एसटीनं टोकावड्याला आलो. स्टँडवर दादा टोपी घालून उभा होता. बॅग उचलली आणि पुढे चालू लागला. अंगणात वहिनीनं पाण्याची बादली काढून ठेवली होती. "भावजी, आधी अंघोळ करा," ती म्हणाली, "मग घरात या." तेवढ्यात दादानं टोपी काढली. डोक्यावर नुकतेच फुटू लागलेले केस होते आणि मिशी नव्हती. मी बादलीजवळ बसलो आणि मोठ्यानं रडलो.

संध्याकाळी मी दादाला फाडून खाल्लं. का नाही सांगितलंस? तो शांतपणे म्हणाला, "तिनं शपथ घातली होती. पोरांची परीक्षा होईस्तो त्याला सांगू नका. सरळ सांगायची बंदी, म्हणून लावणी बोललो. कार्तिकात लावणी नसते, आपल्याला समजतं ना रे. वाटलं, तुला समजंल नि तू तिकडं एकटा रडशील."

मग तोच म्हणाला, "फोन ठेवताना तू काय बोललास, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"बोललास, तिला सांग, चिखलात लई उभी राहू नको, पायांना तेल लाव." दादा पुढं सांगू लागला. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवना. आमी सगळ्यांनी हात जोडले. मी बोललो, धाकट्याचं लगीन करीन. नाय शिवला. काका बोलले, त्याला वाटा बरोबर देऊ. नाय शिवला. ऊन वर चढलं. मग मी तुझा निरोप सांगितला तिला, जसा तू दिलास तसा. तेव्हा शिवला."

मी शास्त्र शिकवणारा माणूस. कावळा भूक लागली की शिवतो आणि माणसं हटली की खाली उतरतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्या संध्याकाळी मी दादाला तीनदा विचारलं, निरोप सांगून झाल्यावरच शिवला ना, आधी नाही ना?