बेबीताईच्या हातची गोळी

उंद्री गावच्या आशा सेविका म्हणजे बेबीताई. गावात त्यांची एकच ख्याती. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळी दिली, की ती पोटात जाईपर्यंत बेबीताई दारातून हलायच्या नाहीत. वर तोंड उघडून दाखवायला लावायच्या. अकरा वर्षं हेच.

भाजीवाल्या उकंडरावांची सून पुष्पांजली पाचव्या महिन्यात होती. गोळी पाहिली की तिला मळमळायचं. "ताई, मले ह्या गोळीनं त्रास जास्तच होते. तहान सरत नाही, चार-चार दिवस पोट साफ होत नाही."

"नखरे पुरे कर. गिळ!"

सासू तर त्याहून वरचढ. लेकराची हाडं मजबूत व्हावीत म्हणून रोज दह्यात चुना कालवून पाजायची. पोरगी ओकली, की पुन्हा वाटी भरायची. शी!

मग पुष्पांजलीच्या पाठीत कळ आली, मुतखडा निघाला आणि बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "गळ्यातली एक बारकी ग्रंथी माजलीय. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडतेय. गोळ्या, चुना आजच बंद. पाणी भरपूर. आणि सहावा सरायच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर बाळाचं काही खरं नाही."

सोबत गेलेल्या बेबीताईंना स्वतःचीच किळस आली. रक्तात आधीच नको तितकं, आणि आपण वरून ठासत होतो!

दुसऱ्या दिवशी त्या पुष्पांजलीच्या घरी गेल्या, तर सासू पुन्हा चुना कालवत बसलेली. "पोटुशीचा गळा कापता काय? काही गरज नाही." नवरा गोकुळ मोबाईलात डोकं खुपसून. बेबीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी वाटी हिसकली आणि मोरीत ओतली.

"तूच तं म्हणत होती, कॅल्शियम पाह्यजे!" सासू ओरडली.

"हाव, मीच म्हणत होती. पोरगी सांगे, मी आयकलं नाही. मले काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण तिले दवाखान्यात ने!"

गोकुळनं मोबाईल ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

ऑपरेशन नीट झालं. बाळाचे ठोकेही चांगले. फक्त रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस तीच गोळी लिहून दिली. बेबीताईंनी ती तळहातावर ठेवून पुढे केली.

गळ्याला पट्टी बांधलेल्या पुष्पांजलीनं त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"सिस्टरले बोलवा," ती म्हणाली. "तुमच्या हातची मले नको."