दम धरणारा गोरक्षनाथ

पारनेर तालुक्यात कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, की मालक आधी देवाचं नाव घेतो आणि लगेच गोरक्षनाथाचं. हा गडी दम धरून तळाला जाणार, मोटारीला दोर बांधणार आणि वर येऊन आधी चहा मागणार.

यंदा मात्र एका सात परस खोल विहिरीच्या तळाशी कानात टप्पकन झालं. वर आला तर डावा कान ठार बंद. "पानी गेलं आसंल," म्हणत त्यानं लसणाचं गरम तेल ओतून घेतलं. रोज ओतलं. कढईतली भाजी कोरडी पडली, कान काही उघडेना. शेवटी बायकोनं, कडूबाईनं, दंडाला धरून नगरच्या डॉक्टरांपुढे बसवलं.

"पडदा शाबूत आहे, आतली नस दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "त्याच दिवशी यायचं होतं. आता औषधांच्या जोडीला दाबाखाली ऑक्सिजन देऊन बघू. हमी नाही."

ऑक्सिजन द्यायची जागा म्हणजे एक आडवी लोखंडी टाकी होती. बाजूला गोल काच, तोंडावर मास्क, दार बाहेरून बंद. विहिरीतून निदान आभाळाचा तुकडा तरी दिसतो. दाब चढला, कान दाटले, आणि अंगाला वाटलं आपण पाण्यात उतरतोय. मग गोरक्षनाथानं जन्मभर केलं तेच केलं. दम धरला.

"काका, श्वास घ्या!" बाहेरची सिस्टर माइकवर ओरडत होती. "दम धरायला नाही पाठवलं आत!"

पण छाती ऐकेना. पाय मारून वर यावं, तर इथे वर नव्हतंच. दाब हळूहळू उतरल्याशिवाय दारही उघडणार नव्हतं. ज्याला पाण्यात कधी भीती शिवली नाही, तो कोरड्या जागी घामानं भिजला.

तेव्हा कडूबाई काचेशी आली. लेकराला घास भरवताना आई स्वतःच आ करते, तशी ती छाती फुगवून श्वास घेऊन दाखवू लागली. तिच्याकडे बघत त्यानं श्वास घेतला. मग रोज तेच. तो आत, ती काचेबाहेर, दोघांचा मिळून एक श्वास.

एका संध्याकाळी एसटीत ती त्याच्या डाव्या अंगाला बसली होती. गाडी थांब्यावर उभी होती. बहिऱ्या बाजूला कोण ऐकतंय, म्हणून ती हात जोडून पुटपुटली, "आई मळगंगे, ह्यांचा कान न्हाई आला तरी चालंल. आला की हे परत इहिरीत उतरत्याल. बहिरा नवरा चालंल मला."

लांबून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द त्याला डाव्या कानानं ऐकू आला. आनंदानं त्याचा हात तिच्या हाताकडे निघाला आणि मध्येच थांबला. एवढी मोठी बातमी, आणि सांगावी अशी एकच बाई, ती ही.

कडूबाई वाकून त्याच्या उजव्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आवं, काय फरक वाटतुय का?"

"न्हाई," तो म्हणाला.