शेवाळ काढलेली मोटार

मंडळी, वाचनालयाचा हा फळा सारं बुलढाणा गाव वाचतं, म्हणून आजचा प्रकार इथंच लिहून लावतो.

लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हापासून माझी मोटार चिंचेखाली उभी आहे. पावसाळ्यात टप, दरवाजे, पायऱ्या, सगळं शेवाळानं हिरवं झालं. आज खंडेनवमी. पूजेला अशी कशी ठेवायची, म्हणून सकाळी नारळाच्या शेंडीनं घासून शेवाळ काढलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मोटार नव्यासारखी दिसायला लागली.

दुपारी धाड गावचा किसन धापा टाकत फाटकात आला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती.

"वकीलसाहेब, चाला लवकर. नर्सबाईले आमच्या धाडले न्याचं हाये."

"किसन, पेट्रोल नाही रे. ही चालत नाही."

"चालत नाही त हार काऊन घातला?" तो मोटारीकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ठरवलेला टांगा सोडून देला मी, साहेब. रस्त्यावरून तुमची मोटार पाहून."

आम्ही दोघं चौकाकडे धावलो. टांगा दुसरी सवारी घेऊन गेला होता. सणाच्या दिवशी दुसरा मिळेपर्यंत ऊन उतरलं, तेव्हा कुठे किसन नर्सबाईला घेऊन निघाला.

शेवाळ होतं तोवर या मोटारीनं कुणाला फसवलं नव्हतं. हार मी काढून टाकला, तरी ती चकाकतेच आहे.

तुमच्यापैकी कुणी धाडकडून आलं असेल तर सांगा, किसनच्या बायकोचं काय झालं? त्याच्या दारात जायला मला तोंड उरलेलं नाही.