गोऱ्याचा पाय

‘‘जोडे काढा रे, मंग खेळा!’’

लाखनीच्या बाजाराच्या मैदानावर कोणी बूट घालून फुटबॉल खेळताना दिसला, की काका राइस मिलच्या फाटकातून असे ओरडत. मिलमध्ये ते मुकादम होते. स्वतः बारमाही अनवाणी. उन्हाळ्यात डांबर वितळायचे, तरी हा माणूस हमरस्ता आरामात ओलांडायचा. आम्हांला वाटे, कंजूष आहे, दुसरे काय!

पण गावाला त्यांचा भारी अभिमान. महायुद्धाच्या आधी, तरुणपणी, ते नागपूरला एका कापडगिरणीच्या संघातून पगारावर फुटबॉल खेळत. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांशी सामना झाला आणि काकांनी एका गोऱ्याचा पाय मोडला. बस्स! एवढेच गावाला ठाऊक, आणि तेवढे गावाला पुरे. पानठेल्यावर नवा माणूस दिसला की कोणीतरी सांगणारच, ‘‘हे पाहा, गोऱ्याचा पाय तोडणारे!’’ काका मान खाली घालून चालू लागत. आम्ही म्हणायचो, किती हा विनय! डोंबलाचा विनय.

खरे काय ते एका पंधरा ऑगस्टला कळले. शाळेने त्यांचा सत्कार ठेवला होता. हेडमास्तरांनी तीच गोष्ट रंगवून सांगितली, हार घातला. काका बोलायला उभे राहिले.

‘‘तो गोरा फौजेत यायच्या आधी विलायतेत पगारावर खेळे. त्याचं पोट पायावर होतं, माह्यासारखंच. मी जनमभर अनवाणी खेळलो. त्या दिवशी गिरणीच्या सायबानं पहिल्यांदा बूट घालाले लावले. बुटात आपला पाय कुठं संपते, तेच समजे ना. मी बॉलले मारलं, अन् त्याची नळी कडकन मोडली. लोकायनं मले खांद्यावर घेतलं. वरतून मले दिसे, तो पडल्या जागी रडून राहिला होता. तिथंच माहाही खेळ संपला. मले लाज वाटते, बापा. त्याच्यावर टाळ्या नोका वाजवू.’’

आणि आम्ही काय करावे? आणखी जोरात टाळ्या! काकांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि भर उन्हात घरी निघून गेले. आजही आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

पुढे काही वर्षांनी ते वारले. अंगणात तिरडी बांधणे चालू होते. पांढऱ्या कापडाबाहेर त्यांची भेगाळलेली पावले दिसत होती. बाहेरगावच्या पाहुण्याला कोणीतरी हळूच सांगू लागला, ‘‘याच पायानं गोऱ्याचा…’’

काकी ताडकन उठल्या.

‘‘चूप राहा! आता त्यायले मान खाली घालता येत नाही.’’

आणि त्यांनी कापड ओढून पावले झाकली.