रेंजरविषयी आपले मत

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मोडण्याचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला, आणि तोही संपूर्णपणे अनवधानाने. निष्काळजी माणसाच्या हातून लहान लहान चुका होतात. मोठी चूक करायला पद्धतशीर माणूस लागतो. मी पद्धतशीर आहे.

पन्नासाच्या दशकातील ही गोष्ट. मी आर्वीच्या एका शाळेत व्याकरण शिकवीत असे, आणि फावल्या वेळी पेठेतल्या वाचनालयाचा मानद चिटणीस असे. (मानद म्हणजे ज्याला कामे सर्व सांगतात, पण ज्याचे कोणी ऐकत नाही असा गृहस्थ.) त्या वर्षी वाचनालयात एक रहस्यकादंबरी आली. मुखपृष्ठावर खाकी पोशाखातला एक रेंजर, त्याच्या हातात बॅटरी आणि पाठीमागच्या काळोखात दोन पिवळे डोळे. रेंजर म्हणजे जंगलखात्याचा अंमलदार. लेखकाने त्याला सबंध पुस्तकात नाव दिलेले नव्हते, नुसते ‘रेंजर’ असेच म्हटले होते. पुस्तकात तीन खून होते, आणि ते कोणी केले हे शेवटच्या आठ पानांत होते. ती आठ पाने पहिल्याच आठवड्यात कोणीतरी फाडून नेली!

झाले! गावात दोन तट पडले. ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली उभे राहून लोक ओरडू लागले.

“खून रेंजरनंच केले! मी लिहून देतो!”

“अबे, रेंजर कायले करते? तो तं तवा विहिरीत पडला होता!”

“मंग विहिरीतून निंगून केले असन!”

‘लिहून देतो’ हे शब्द माझ्या कानी पडले आणि मी मनात म्हटले, घ्या लिहून! मी कार्बनचे कागद लावून स्वहस्ते एक अभिप्रायपत्रक तयार केले. मथळा: ‘रेंजरविषयी आपले मत’. त्याखाली प्रश्न पाच. रेंजर प्रथमदर्शनी कसा वाटला? त्याचा स्वभाव कसा आहे? त्याच्यात कोणते दोष आढळले? शेवटी तो काय निघाला? इतरांना त्याची शिफारस कराल काय? आणि तळाशी सूचना: ‘कृपया सही करू नये, म्हणजे मत निर्भीड होते.’ एक पेटी ठेवली. लोक भराभर लिहू लागले. वाचनालयात शांतता झाली. मला फार समाधान वाटले, आणि अनुभव असा आहे की मला समाधान वाटले की आमच्या घरात कोणाला तरी ते भोवते.

याच सुमारास माझी बहीण सुमन हिच्यासाठी सिंदीच्या एका घरचे स्थळ आले. मुलगा मनोहरराव, नोकरीला हिंगणीकडच्या जंगलात, हुद्दा रेंजर! सुमनने याआधी दोन स्थळांना ‘नाई’ म्हणून सांगितले होते. या मुलाचा फोटो पाहून ती ‘पाहू’ म्हणाली. आमच्या घरात ‘पाहू’ला होकार समजतात. आई तर त्या दिवसापासून मनात लाडू वळू लागली होती. परंतु आमचे वडील, आबा, हे कापूस विकतानाही काटा तीनदा तपासणारे शेतकरी.

“मास्तर,” आबा मला म्हणाले. (रागात असले किंवा काम सांगायचे असले की ते मला मास्तर म्हणत. त्यामुळे माझे खरे नाव घरात फारसे वापरात नव्हते.) “पोरीचं एकडाव फसलं का जल्मभराचं फसलं. सिंदीले, हिंगणीले आपली मान्सं हायेत. त्याइले इचार, पोरगा कसा हाये थे. अन् नीट इचारजो!”

आता वाचकांनी माझी विचारसरणी लक्षपूर्वक पाहावी, कारण अनर्थाचे मूळ येथे आहे. मला चौकशीसाठी प्रश्न हवे होते. माझ्यापाशी प्रश्न तयार होते. ते चांगले होते. चांगला प्रश्न कोठेही लागू पडतो! शिवाय चौकशीच्या कामी गुप्तता लागते, आणि सही न करण्याची सूचना त्यात आधीच होती. मी तीच पत्रके पाच परिचितांना पाकिटात घालून पाठविली. एका पत्रकात दोन कामे झाली याचा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी वर्गात कोणालाच बाकावर उभे केले नाही.

उत्तरे आली. शनिवारी संध्याकाळी मी दोन्ही गठ्ठे पुढ्यात घेऊन लाल शाईने तपासायला बसलो. कोणी म्हणेल, तपासताना कळले कसे नाही? याचा खुलासा असा: मी कोणताही मजकूर तपासतो तो ऱ्हस्वदीर्घासाठी. आशय हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे. शिवाय चिटणीस असूनही ती कादंबरी मी वाचलेली नव्हती. शिक्षकाने रहस्यकथा वाचू नये असे माझे तत्त्व होते. मी एकूण त्रेसष्ट चुका दुरुस्त केल्या, तुटलेल्या वेलांट्या जोडल्या, एक गठ्ठा आबांच्या उशापाशी ठेवला, आणि दुसरा रविवारी सकाळी नेऊन वाचनालयाच्या फळ्यावर टाचण्यांनी लावला. त्याच दिवशी दुपारी मुलाकडची माणसे सुमनला पाहायला येणार होती.

फळ्यापुढे गर्दी जमली. थोड्याच वेळात हसण्याचा आवाज येऊ लागला.

“‘दोष: घोरते. डाकबंगल्याचा चौकीदार सांगते का याच्या घोरण्यानं बिबट्या आवारात येत नाई.’ अरे, हे पुस्तकात कुठी होतं?”

“फाटल्या पानाइत असन!”

“अन् हे वाच! ‘एकडाव अस्वल पाहून झाडावर चढला. अस्वल निंगून गेलं, पण याले उतरता येईना. सकायी गुराख्यानं उतरवला.’”

“वा रे रेंजर! हा कायचे खून करते!”

रेंजर निर्दोष मानणारा तट विजयाने नाचू लागला. विरुद्ध बाजूचे एक वृद्ध सभासद ती आठ पाने शोधण्यासाठी कपाटामागे वाकले, आणि तेथेच अडकले. त्यांना ओढून काढीत असतानाच दोन परके गृहस्थ आत आले. एक पिकल्या मिशांचे, दुसरा सावळा, उंचीने बेताचा तरुण. मोटार लवकर पोचली म्हणून वर्तमानपत्र वाचायला आलो, असे मिशांचे गृहस्थ म्हणाले. तरुण मात्र फळ्यापुढे उभा राहिला, आणि वाचता वाचता त्याचे कान लाल होत गेले.

नवखा वाचक दिसला की त्याला मार्गदर्शन करावे, हा माझा स्वभाव. मी पुढे झालो.

“हे या रेंजरविषयी वाचकांचे अभिप्राय आहेत,” मी म्हणालो. “पात्र एकंदरीत फसलेले आहे.”

“हे अस्वलाचं कोणं सांगतलं?” त्याने विचारले.

“मुळातलेच असावे. पण प्रसंग अतिशयोक्त आहे.”

“अतिशयोक्त नाई. अस्वल मोठं होतं.”

“असेल. पण मग त्याला झाडावरून उतरता का येऊ नये? तर्काला सोडून आहे.”

“चढतानी खालची फांदी मोडली होती ना, भाऊ!” तो कळवळून म्हणाला. “वीस फुटावरून उडी मारू का मी?”

वाचक पात्राशी इतका एकरूप झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता! मी त्याच्या पाठीवर थाप मारली, इतक्या बारकाईने वाचन करणारा तरुण दुर्मिळ असल्याचे त्याला सांगितले, आणि वर माझे मतही जोडले: “घोरण्याचा भाग मात्र लेखकाने गाळायला हवा होता. अशा माणसाला मुलगी कोण देईल?”

तो तडक बाहेर गेला. मिशांचे गृहस्थ त्याच्यामागे गेले. जाताना त्यांनी एकदा फळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मीही घड्याळ पाहिले आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी घराकडे निघालो.

घरी आबा दारातच उभे होते. त्यांच्या एका हातात अभिप्रायांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या हातात काठी.

“मास्तर! तीन खून!”

“कोणाचे?”

“थे नाई लिवलं! पण केले! हे वाच तूच! ‘स्वभाव: तीन मुडदे पडले तरी हा चहाच पेत बसते.’ हे पाय! ‘दोष: कारकुनाच्या बायकोसंग काहीतरी हाये, पन उघड सांगतलं नाई.’ अन् हे तं पायच! ‘ठाणेदारापक्षा हुशार, म्हणून पकडल्या गेला नाई!’”

आई कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसली होती. “अवो बाई, अन् म्या त्याच्यासाठी चिवडा केला!”

“शिफारस काय लिवली थे वाच!” आबांचा आवाज चढला. “‘पोरीबाळीच्या हाती देऊ नये!’ अन् येक जन तं म्हन्ते, ‘मी दोनदा घेतला, दोन्ही खेपेले वापस केला!’ म्हंजे दोन डाव सोयरीक मोडली त्याची!”

मी कागद हाती घेतला. ‘पात्ररचना’ या शब्दातली मीच दुरुस्त केलेली वेलांटी समोर दिसली, आणि प्रथमच मी वेलांटीच्या पलीकडचा शब्द वाचला. पात्ररचना! चौकशीपत्रात पात्ररचना कोठून येईल? मग फळ्यावर जे लागले आहे ते... आणि तो कळवळणारा तरुण... मी वाचनालयाकडे धाव घेणार, तोच बाहेरून हाक आली.

“आहेत काय घरी?”

पिकल्या मिशांचे गृहस्थ आणि सावळा तरुण! मिशांचे गृहस्थ मुलाचे मामा होते. त्यांनी मला पाहिले आणि जागीच थबकले.

“मन्या,” ते तरुणाला म्हणाले, “हा तं थोच हाये. तुले पोरगी कोण देईन म्हणणारा.”

“माह्या पोरीचा भाऊ हाये थो!” आबा गरजले. “अन् बरोबर बोलला! आदी हे सांगा, कारकुनाच्या बायकोचं काय?”

“कोणता कारकून?” मनोहरराव म्हणाले. “आमच्या हापिसात एकच कारकून हाये. त्याचं लगनच नाई झालं.”

“मंग तीन मुडदे?”

“दोन नीलगायी होत्या, साहेब, अन् एक रानडुक्कर! थे मी नाई मारले, मी पंचनामा केला!”

“पंचनाम्याच्या टायमाले चहा पेला का नाई? खरं सांगा!”

“पेलो,” मनोहरराव खाली मान घालून म्हणाले. ते स्वभावाने फार प्रामाणिक निघाले.

मामांनी उपरणे झटकले. “आमाले काई म्हणाचं नाई. पोराची चौकशी सारेच करतात. पन चौकशी चौकात टांगाची, अन् गावाले जमा करून हसवाचं, ही आर्वीची रीत असन तं तुमची तुमाले लखलाभ! चाल रे, मन्या!”

मी तोंड उघडले. अशा प्रसंगी स्पष्टीकरण क्रमाने द्यावे लागते, म्हणून मी “प्रथम कार्बन कागदाविषयी...” अशी सुरुवात केली, तर आबांनी काठी माझ्याकडे वळविली. मनोहरराव वळले. आता ते फाटकाबाहेर गेले की संपले, आणि सुमनचा ‘पाहू’ माझ्या सुवाच्य अक्षराखाली कायमचा गाडला गेला!

इतक्यात आतल्या दारातून सुमन बाहेर आली. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचे नसते. ती आली, तीही हातात चहाचा ट्रे न घेता. तिने सरळ आबांच्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

“आबा, हे याइचं नाई. पुस्तकातल्या रेंजरचं हाये. दादानं कागद इकडचे तिकडे केले.”

“तुले कसं मालूम?”

“मी वाचलं ना पुस्तक. हे तिसरं मत मीच लिवलं.”

आबांनी तो कागद परत घेतला, चष्मा सावरला आणि तिसरे मत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले: “‘एकदा हाती घेतला का खाली ठेववत नाई.’”

सुमन उलट्या पावली आत गेली. आईने पदर तोंडाला लावला. मामा छताकडे पाहू लागले. आणि मनोहरराव, जे फाटकापर्यंत पोचले होते, ते सावकाश परत आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “बाहेर ऐकू आलं, चिवडा केला म्हणत होत्या ना आई?”

पुढचे सर्व त्या चिवड्याइतकेच झटपट उरकले. मनोहररावांनी घोरणे कबूल केले. सुमनने आतूनच कळविले की तिची झोप गाढ आहे. मुहूर्ताची बोलणी निघाली, आणि मग मामांनी घसा साफ केला.

“आमची येक अट हाये.”

आई देवघराकडे पाहू लागली. सायकल मागतात की मनगटी घड्याळ, या विचाराने आबांचा चेहरा उतरला.

“लग्नपत्रिका, याद्या, पाहुण्याइचे पत्ते,” मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “यातला येकबी कागद या मास्तरच्या हाती लागला नाई पायजे.”

“कबूल!” आबा म्हणाले. मामांचे वाक्य पुरे व्हायच्या आधी म्हणाले!

अट कसोशीने पाळली गेली. लग्नात मला कागदाचा तुकडाही दिसू दिला नाही. पण वधूचा सख्खा भाऊ रिकामा बसलेला बरा दिसत नाही, म्हणून आबांनी खूप विचार करून मला असे काम दिले की ज्यात काहीही बिघडणे शक्य नव्हते: मांडवाच्या दाराशी वऱ्हाडाची पादत्राणे सांभाळणे.

मी तेही मन लावून केले. पंगत उठेपर्यंत मी दीडशे माणसांची पादत्राणे मापानुसार चढत्या क्रमाने लावून ठेवली. डाव्या पायाची सर्व मांडवाच्या डावीकडे, उजव्या पायाची सर्व उजवीकडे. सुमनची पाठवणी त्यामुळे अडीच तास उशिरा झाली, आणि मामा सिंदीला गेले ते एका पायात स्वतःचा जोडा आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घालून.